सहा बोटं

मशायक आला तेव्हा दुकानात
तीन मीटर उघडे पडलेले,
काटे चहाच्या बशीत काढून ठेवलेले.
म्हणाला, मुंजाभाऊ, वही बघ.
वही पोराची, शाळेतली, मागच्या पानापासून भरलेली.
मंठा, जिंतूर, परभणी.
दगड एवढे, मीटर एवढं.
दर खेपेला मीटर मागं.

गाडीला आधी नऊ-वीसचे टायर होते.
दीड वर्षापूर्वी शेठनं लिलावातून दहा-वीस आणले,
सळयांच्या ओझ्याला बरे म्हणून.
टायर बदलल्याचं मीटरला कुणी सांगितलं नाही.
डिझेल तेवढंच, किलोमीटर कमी,
आणि मुनीम कॅल्क्युलेटर फिरवून दाखवायचा :
ॲव्हरेज पडलं. कुठं विकतोस?
दर महिन्याला पगारातनं कापायचे,
शिवी न देता.
शिवी दिली असती तर भांडता आलं असतं.

खडूनं टायरवर एक रेघ मारली, खाली डांबरावर एक.
हवा तपासली. माल भरलेलाच होता, बरं झालं,
रिकाम्या गाडीचं चाक वेगळं माप देतं.
किन्नर लिंब्या समोर उभा राहून हात हलवत :
हळू, हळू, अजून, बास.
रेघ फिरून जमिनीला टेकली.
तीन मीटर एकवीस.
जुन्या टायरचं माझ्या डायरीत होतं, तीन दहा.

मशायकनं उरलेल्या टेपवर बोटं मांडली.
एका हाताची चार, दुसऱ्याची दोन.
एवढंच?
एवढंच. चाकाच्या दर फेऱ्याला सहा बोटं
तू चाललास आणि कुणी लिहिलं नाही.

हजाराला पस्तीस.
एक लाख चाळीस हजाराला, लिंब्यानं मोबाइलवर केलं,
चार हजार नऊशे.
गुवाहाटीला जाऊन परत यावं एवढं.
बाराशे लिटर, मशायक म्हणाला.
तो आकडा त्याला कुणी मोजून द्यावा लागला नाही.

खरं सांगतो, पंचवीस वर्षांत
या बाकड्यावर बसून जो तो म्हणाला, कमी कर.
गाडी विकायची असते. लाखभर खाली आण, दोन लाख आण.
मी आणलेत.
एवढे रस्ते पुसलेत या हातांनी
की जालन्यातल्या निम्म्या गाड्या
कागदावर घरीच बसून होत्या.
वाढव म्हणणारा हा पहिला.
वाढव नाही, तो म्हणाला. चाललो तेवढं दाखव.

बाबूमियाँच्या लेथवर पितळेची दोन चाकं कापून आणली,
रुपयाएवढी. एकाला एकोणतीस दात,
एकाला अठ्ठावीस.
डबीत बसवली, ग्रीसचं बोट फिरवलं,
केबलच्या मधे जोडली.
एका दाताचा सगळा मामला.

बदनापूरच्या रस्त्याला गेलो, लिंब्या मोठ्यानं दगड मोजत.
दहा दगड, दहा किलोमीटर.
मशायकनं पाय जरा उचलला.
म्हणजे साठ समजून मी बासष्टनं हाणायचो?
हौ.
तरीच लवकर पोचायचो. मला वाटलं, हात बसला.

मागचे चार हजार नऊशे मीटरमधे घालू का, विचारलं.
घालता येतात.
नको म्हणाला, चिठ्ठी दे.
बिलाच्या पाठीवर लिहिलं : टायर, माप, दात, तारीख.
दुकानाचा शिक्का शोधला. शाई कधीचीच वाळलेली.
थुंकी लावून उठवला.
मुनीम मानेल का, कोण जाणे.

रात्री फोन. खेप पाथरीचीच होती, तो घरी पोचलेला.
मुंजाभाऊ, जालन्याहून घर एकशे बारा असायचं.
आज एकशे सोळा झालं.
म्हटलं, तेवढंच आहे ते.
माहितंय, म्हणाला.
मागं कुणीतरी ताट ठेवल्याचा आवाज,
पोराचा काहीतरी हट्ट, बहुतेक वहीसाठी.
मग म्हणाला,
दीड वर्ष चार किलोमीटर जवळ होतं, भाऊ.
बरं वाटायचं.